इटलीच्या सरोवरात आख्खी बोट भाड्याने: घ्यावी की नको? अनुभव सांगा

उत्तर इटलीला जाणारी आपली मंडळी हल्ली मिलान आणि व्हेनिसच्या मधे एखादा मुक्काम सरोवराकाठी करतातच. बहुतेक जण कोमोला, काही मॅज्जोरे किंवा गार्दाला, आणि गर्दीचा कंटाळा असलेले ओर्ताला. धक्क्यावर पोचलं की प्रश्न एकच. सगळ्यांबरोबर फेरीबोटीत बसायचं, की चालकासकट बोट तासाच्या बोलीवर घ्यायची? कोमोवर आम्हाला छोट्या बोटीचे तासाला दोनशे युरोच्या पुढेच सांगितले, वार्निश केलेल्या लाकडी बोटीचे आणखी जास्त. चौघांत वाटून घेतले तरी मनातल्या मनात रुपयांत हिशोब होतोच.

माझं मत आधीच सांगून टाकते. इथले जुने व्हिला पाण्याकडे तोंड करून बांधलेत. पाहुणा यायचा तो होडीने, म्हणून दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात आणि सगळा थाटमाट त्या अंगाला. रस्त्याने गेलात तर उंच भिंत आणि बंद फाटक. फेरीबोटीतून घराचं तोंड दिसतं, पण ती तिच्या वेळापत्रकाने पुढे निघून जाते. आपण पैसे मोजतो ते थांबता येण्याचे. हे पटत नसेल तर जरूर भांडा, पण अनुभव लिहून भांडा. कुठे गेलात, बरोबर कोण होतं, काय दिसलं, पैसे वसूल झाले का. बोटकंपन्यांची नावं मात्र नकोत, उगाच जाहिरात होते.

पुण्याहून, सासूसासऱ्यांबरोबर कोमोला

आम्ही व्हारेन्नाला राहिलो. मिलानो चेंत्रालेहून थेट ट्रेन साधारण तासाभरात पोचवते आणि बेलाज्जो, मेनाज्जो समोरच दिसतात. सासऱ्यांचे गुडघे बघता फेरीच्या रांगेत उन्हात उभं राहणं जमणारं नव्हतं, म्हणून आमच्यासाठी बोट ही चैन नव्हती, गरज होती. एक गोष्ट ज्येष्ठांना नेणाऱ्यांनी लक्षात ठेवा: बोट सतत हलत असते आणि तिचा काठ धक्क्याच्या पातळीत नसतो. आमच्या चालकाने एक पाय बोटीत, एक धक्क्यावर ठेवून सासऱ्यांना दोन्ही दंडांना धरून आत घेतलं. चढायला पायरी आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा.

वेळ सकाळची घ्या, हा सल्ला हॉटेलमधल्या बाईंनी दिला. इथे वाऱ्यांना नावं आहेत. पहाटे उत्तरेकडून येतो तो तिवानो, दुपारी दक्षिणेकडून सुटते ती ब्रेव्हा. ब्रेव्हा आली की पाणी उसळायला लागतं आणि छोट्या बोटीत कंबरेला हिसके बसतात. आम्ही साडेनऊला निघालो तेव्हा पाणी जवळजवळ सपाट होतं.

बेलाज्जोचं टोक वळलं की सरोवराचे दोन फाटे कसे फुटतात ते कळतं. नकाशावर कोमो म्हणजे उलटा वाय, आणि बेलाज्जो बरोबर त्या बेचक्यात. तिथून व्हिला मेल्झीची बाग, मग पलीकडच्या काठाला त्रेमेत्झोचा व्हिला कार्लोत्ता, आणि शेवटी लेन्नोजवळच्या भूशिरावर व्हिला देल बाल्बियानेल्लो. आम्ही भारतातले कळताच चालकाने इंजिन बंद केलं आणि व्हिलाकडे हात करून एवढंच म्हणाला, “दीपिका!” सासूबाई मूळच्या कारवारच्या, माहेरी कोंकणी बोलणाऱ्या. १४ नोव्हेंबर २०१८ ला दीपिका-रणवीरचं लग्न इथे कोंकणी पद्धतीने लागलं आणि दुसऱ्या दिवशी सिंधी पद्धतीने, हे त्यांना तोंडपाठ होतं. आता त्या चालकालाच सांगत होत्या, मराठीत! वरचा उघडा सज्जा, छत्रीच्या आकारात छाटलेलं ओकचं झाड, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, सगळं मनसोक्त बघून झालं तरी त्यांची माहिती संपेना. चालक बिचारा मान डोलावत होता. भाड्यातली वीस मिनिटं तिथेच गेली आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

कोमाचिना बेटाला फक्त वळसा घातला. सरोवरातलं हे एकमेव बेट. ११६९ मध्ये कोमोच्या लोकांनी ते जाळून उद्ध्वस्त केलं होतं. आता झाडी आणि जुन्या चर्चचे अवशेष आहेत.

मिलानमध्ये शिकणारी

मी भांडते. विद्यार्थ्यांनी काय करायचं? बेलाज्जो, व्हारेन्ना, मेनाज्जो, काडेनाब्बिया या मधल्या पट्ट्यात फेऱ्या भरपूर आहेत आणि दोन गावांमधलं अंतर बहुधा पाव तासाचं. वरच्या उघड्या डेकवर उभं राहिलं की चारही बाजू दिसतात, छोट्या बोटीच्या टपाखाली बसून दिसत नाही तेवढ्या. ऑगस्टमध्ये रांगा भयंकर असतात, हे मान्य. म्हणून एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्ये जा.

आणि बाल्बियानेल्लो पाण्यातून पाहून परत फिरलात तर अर्धंच पाहिलंत. लेन्नोहून चालत जाता येतं, थोडा चढ आहे. आत तिकीट काढून जा. या घराचे शेवटचे मालक गुइदो मोंझिनो हे गिर्यारोहक. १९७१ मध्ये ते उत्तर ध्रुवावर गेले आणि १९७३ मध्ये एव्हरेस्टवर पहिली इटालियन मोहीम त्यांनी नेली. त्या मोहिमांमधलं सामान आत मांडून ठेवलंय. १९८८ मध्ये ते गेले तेव्हा घर वारसा जपणाऱ्या ‘फाई’ या संस्थेला देऊन गेले. हे सगळं बोटीतून कसं दिसणार? फक्त आठवड्यातून दोन दिवस बंद असतं, ते बघून जा.

(धागाकर्ती: मुद्दा मान्य. पण गुडघे दुखणाऱ्या सासऱ्यांना तो चढ कोण चढवणार? दोन्ही करा म्हणते मी, बोटीने जाऊन तिथल्याच धक्क्याला उतरा. व्हिला उघडा असेल तर तशी सोय होते.)

श्टुटगार्टहून, चार मित्र

चालक कशाला, आम्ही स्वतःच चालवली! इटलीत ४० अश्वशक्तीपर्यंतच्या बोटीला लायसन्स लागत नाही, वय १८ पूर्ण पाहिजे फक्त. क्रेडिट कार्डावर डिपॉझिट अडकवून ठेवतात आणि पेट्रोल वेगळं. दहा मिनिटांचं शिक्षण: हा गिअर, हा इंजिन झटकन बंद करायचा किल स्विच, हे लाइफ जॅकेट, आणि फेरीबोट दिसली की तू बाजूला व्हायचंस, ती होणार नाही. कोमो शहरासमोर पाण्यावर उतरणारी विमानं आहेत, तिथला फ्लाइंग क्लब जुना आहे. त्यांच्या पट्ट्यात बोट घालायची नाही.

कोमोहून बेलाज्जोकडे जाणारा फाटा घेतला. डावीकडे चेर्नोब्बियोचा व्हिला देस्ते, १५६८ चा राजवाडा, १८७३ पासून हॉटेल, ज्याचा स्विमिंग पूल चक्क सरोवरात तरंगतो. पुढे लाल्यो, तिथे जॉर्ज क्लूनीचं घर. सगळ्या बोटी तिथे हळू होतात. लोक इतके जवळ जायला लागले की गावाने दंडाचा नियम काढला. आम्ही लांबूनच पाहिलं. एक पिवळसर भिंत आहे, बस्स. त्यापेक्षा समोरच्या काठाचं नेस्सो जाम भारी. डोंगरातली घळ थेट सरोवरात उघडते, आतून धबधब्याचा आवाज, आणि तोंडावर जुना दगडी कमानीचा पूल. पोरं त्या पुलावरून उड्या मारत होती. आम्ही जवळ नांगर टाकायला गेलो आणि कळलं की काठापासून दहा हातांवर तळ लागतच नाही. कोमो चारशे मीटरहून खोल आहे, काठच कड्यासारखा खाली जातो. मग एकाने बोट हळूहळू फिरवत ठेवायची आणि बाकीच्यांनी पोहायचं, असं आलटून पालटून केलं. जुलै असूनही पाणी दातखीळ बसवणारं.

चालकाशिवाय गेल्याचा एकच तोटा. जो सुकाणूवर असतो त्याला काहीही बघता येत नाही. दुसऱ्या बोटींच्या लाटा, फेरी, पोहणारे, लक्ष सगळं तिकडे. नीट बघायचं असेल, तर चालक घ्या. मजा हवी असेल, तर स्वतः चालवा.

कोल्हापूरहून, निवृत्त वनस्पतिशास्त्राचा मास्तर

मुलगी बाझेलला असते. तिकडून ट्रेनने सिम्प्लॉनचा वीस किलोमीटरचा बोगदा ओलांडून आम्ही मॅज्जोरेकाठी स्त्रेझाला उतरलो. धक्क्यावर खलाशी टोपी घातलेले लोक “बोट? बोट?” करत मागे लागतात, ते बघून मला आपल्या तापोळ्याचा धक्का आठवला. दर मात्र फलकावर लिहिलेले, घासाघीस फारशी नाही. आम्ही तीन बेटांसाठी एक बोट ठरवली. प्रत्येक बेटावर सोडायची आणि ठरलेल्या वेळी उचलायची.

ईझोला बेल्ला हे मुळात खडकाळ बेट. १६३२ मध्ये कार्लो बोर्रोमेओ तिसरे यांनी पत्नी इझाबेल्ला यांच्यासाठी तिथे महाल बांधायला घेतला. दहा मजली गच्च्यांची बाग आहे, पण तिची उतरंड नीट कळते ती पाण्यावरून मागच्या बाजूने वळसा घातल्यावर. सार्वजनिक बोट त्या बाजूने आली नव्हती, आमची आली. आत पांढरे मोर फिरतात. नातवाने त्यातल्याच एकाच्या मागे धाव घेतली, पुढचं सांगत नाही.

मी मात्र ईझोला माद्रेसाठी गेलो होतो. तिथे महालासमोर ‘काश्मीर सुरू’ (सायप्रस) म्हणून ओळखलं जाणारं प्रचंड झाड आहे, १८६२ मध्ये हिमालयातून आलेल्या बियांपासून वाढवलेलं. निळसर राखाडी पालवी, फांद्या खाली लोंबणाऱ्या. नाव काश्मीरचं असलं तरी हा वृक्ष मूळचा भूतान आणि अरुणाचलकडचा. युरोपातल्या लोकांनी नाव देताना कधीकधी पत्ता चुकवला, त्यातलाच हा प्रकार. जून २००६ मध्ये वादळाने हे झाड मुळासकट आडवं केलं. इतक्या जुन्या झाडाचे ओंडके करून मोकळं होणं सोपं होतं. त्यांनी क्रेन बेटावर आणून ते पुन्हा उभं केलं आणि पोलादी तारांनी चहूबाजूंनी ताणून धरलं. तारा अजून आहेत. झाड जिवंत आहे, नवी पालवी मी हातात धरून पाहिली. आमच्या चालकाला त्या रात्रीचं वादळ आठवत होतं. मुलीने भाषांतर केलं म्हणून मला कळलं. तासाचा हिशोब विसरून तो गृहस्थ आमच्याबरोबर बोटीतून उतरून कुंपणापर्यंत आला. तिसऱ्या, कोळ्यांच्या बेटावर आम्ही फक्त जेवलो. तळलेले मासे बरे होते.

नाशिकहून, गार्दा

काका, झाडाचं वाचून मॅज्जोरे यादीत टाकलं. आमचं थोडक्यात: गार्दा इटलीतलं सर्वांत मोठं सरोवर, साधारण ३७० चौरस किलोमीटर, त्यामुळे सगळं बघू म्हणून बोट घेऊ नका. सिर्मिओनेच्या द्वीपकल्पाला अर्ध्या तासाची चक्कर पुरते. टोकाला रोमन काळातल्या एका मोठ्या व्हिलाचे अवशेष आहेत. त्यांना कातुल्लोच्या (हा रोमन कवी) गुहा म्हणतात, पण गुहा वगैरे काही नाही. मुलांना सगळ्यात आवडलं ते भलतंच. चालकाने एका जागी इंजिन बंद केलं, तर पाण्यातून बुडबुडे वर येत होते आणि सडक्या अंड्यांचा वास. तळातून गंधकाचं गरम पाणी येतं, उगमाशी जवळपास ७० अंशांचं. गावातली स्नानगृहं त्याच्यावरच चालतात. वारा इथेही दुपारीच, नाव ओरा.

डोंबिवलीहून, केमिकल इंजिनिअर

ओर्ताबद्दल कुणीच लिहिलं नाही. छोटंसं सरोवर, ओर्ता सान जुलियोच्या चौकातून मोटरबोटी सुटतात आणि पाच मिनिटांत सान जुलियो बेटावर सोडतात. आख्खी बोट घेतली तरी कोमोपेक्षा खूपच कमी पडतं, कारण अंतरच नाही. आम्ही बेटावर उतरण्याआधी दोन प्रदक्षिणा मागितल्या. तिथे बेनेडिक्टाइन जोगिणींचा मठ आहे आणि बेटावरच्या एकमेव गल्लीत शांततेबद्दलच्या पाट्या. आमच्या ग्रुपला त्या पाट्या लागू पडल्या नाहीत.

मला ओढ वेगळ्या कारणाची. १९२६ च्या सुमारास काठावर रेयॉनचा कारखाना आला, आणि तांबं व अमोनियाच्या सांडपाण्याने सरोवरातली जीवसृष्टी जवळजवळ संपली. पाणी आम्लधर्मी झालं. मग १९८९ ते १९९० मध्ये बोटींतून चुनखडीची भुकटी, हजारो टन, पाण्यावर पसरून आम्लता उतरवली. पाठ्यपुस्तकातला उदासिनीकरणाचा प्रयोग आख्ख्या सरोवरावर! चालक तरुण होता, पण त्याला सगळं माहीत होतं. कुठून सांडपाणी यायचं ते त्याने बोट तिकडे नेऊन दाखवलं. फेरीत हे झालं नसतं. उल्हास नदीकाठी वाढलेल्या माणसाला अशा जागी जरा जास्तच वेळ थांबावंसं वाटतं.

ठाण्याहून, ग्रुप घेऊन जाणारी

वरचं सगळं वाचलं, आता पैशांचं. तास धक्क्यावरून निघाल्यापासून मोजतात की तुमच्या हॉटेलच्या धक्क्यावर बोट आल्यापासून, हे विचारून घ्या, यावर सर्वाधिक वाद होतात. सूर्यास्ताच्या फेरीचा दर वेगळा असतो आणि डोंगर उंच असल्याने ऊन घड्याळातल्या सूर्यास्ताच्या बरंच आधी काठावरून जातं, तेव्हा अर्धा तास अलीकडची वेळ घ्या. माणसांची मर्यादा काटेकोर पाळतात, मांडीवरचं मूलही मोजतात. उन्हाळ्यात दुपारनंतर डोंगरावरून गडगडाटी पाऊस अचानक येतो. विजा असतील तर चालक स्वतःच नाही म्हणतो. तेव्हा पैसे परत की दुसरी वेळ, हे आगाऊ रक्कम भरतानाच मेलवर लिहून घ्या. आणि शाल न्या, मे महिन्यातसुद्धा.