जंताच्या गोळीनंतर कुत्र्याचं तोंड सुजलं, आता पुढच्या वेळी काय करू?

झिपऱ्याची_आई:
नमस्कार, जरा घाबरूनच लिहितेय. आमचा झिपऱ्या चार वर्षांचा, वजन १४ किलो, मिक्स आहे, आजवर कधी कसली ॲलर्जी नाही. परवा संध्याकाळी नेहमीसारखी जंताची गोळी दिली, दीड गोळी, १० किलोला एक असं पाकिटावर लिहिलंय त्या हिशोबाने. अर्ध्या तासात तो तोंड जमिनीला घासायला लागला, मला वाटलं गोळी कडू लागली असेल, पण बघते तर डोळे बारीक झालेले, ओठ आणि नाक फुगून हा सगळा चेहरा भोपळ्यासारखा, आणि पोटावर माणसाला पित्त उठतं ना तशा गांध्या. तसंच उचललं आणि डॉक्टरांकडे पळालो, त्यांनी दोन इंजेक्शनं दिली, तासाभरात सूज उतरायला लागली, रात्री जेवला पण. आता एकदम ठणठणीत आहे, ठणठणीत मीच नाहीये.
प्रश्न असा की आता जंताचं औषध कायमचं बंद करायचं का? गोळीत तीन औषधं आहेत, प्राझिक्वांटेल, पायरँटेल आणि फेबँटेल, यातलं नेमकं कुठलं बाधलं ते कळू शकतं का? घरात तीन वर्षांचा मुलगा आहे म्हणून औषध बंद करायचीही भीती वाटते.

भूभू_दादा:
आमच्या बाईसाहेबांना पण जंताच्या गोळीची ॲलर्जी आहे. दर वेळी गोळी दिली की तासाभरात उलटी, वर दुसऱ्या दिवशी पातळ शी. एकदा तर उलटीत शेवयांसारखे जंत निघाले, बायको अजून शेवया खात नाही. मी म्हणतो नका देऊ गोळ्या, लसूण रोज एक पाकळी घाला जेवणात, जंत जवळ येत नाहीत.

रात्रपाळी_असिस्टंट:
लसूण नको दादा! लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, थोडा थोडा रोज दिला तरी साठत जाऊन ॲनिमिया होतो, आणि जंत त्याने मरत नाहीतच. आणि तुमच्याकडे होतंय ती ॲलर्जी नाही बहुतेक. प्राझिक्वांटेल भयंकर कडू असतं, कुत्र्याने गोळी चावली की लाळेचा धबधबा सुरू होतो आणि मागोमाग उलटी. पोटात खूप जंत असले आणि ते एकदम मेले तरी एखादा दिवस पोट बिघडतं. हे सगळं औषधाच्या पत्रकात लिहिलेले साइड इफेक्ट आहेत. पोटभर जेवणानंतर गोळी देऊन बघा (तुमच्या औषधाला ते चालतं का डॉक्टरांना विचारून), निम्मा त्रास कमी होईल.
आता झिपऱ्याची आई. मी व्हेटकडे असिस्टंट म्हणून सात वर्षं आहे, डॉक्टर नाही, त्या हिशोबाने वाचा. तुम्ही सांगताय ती खरी ॲलर्जीच दिसते, चेहरा सुजणं, गांध्या, घासणं, आणि ते पण अर्ध्या तासात. पण मला सांगा त्या दिवशी अजून काय काय दिलं होतं? नवीन खाऊ, गोचिडाचं औषध, लस, काहीही. आणि गोळी नेहमीचीच होती की मटणाच्या वासाची चावायची?

झिपऱ्याची_आई:
अगंबाई. सकाळी वार्षिक लस झाली होती त्याची, तिथूनच गोळी दिली होती घरी द्यायला. पण लस साडेअकराला आणि गोळी सहाला, म्हणजे साडेसहा तास मधे गेले होते म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही! गोळी चावायचीच होती, आधी साधी असायची, या वेळी वासाची, त्याने मिटक्या मारत खाल्ली. डॉक्टरांनी विचारलं होतं आज काही दिलंय का तर मी गोळी गोळी करत बसले.

रात्रपाळी_असिस्टंट:
हे तर फार कॉमन आहे, आमच्याकडे पण लोक एका फेरीत लस आणि डीवॉर्मिंग दोन्ही उरकतात आणि मग तोंड सुजलं की गोळीच्या नावाने बोंब. लसीनंतर तोंड सुजलेली कुत्री मी कितीतरी बघितलीत, जंताच्या गोळीनंतर अगदी मोजकी. लसीची रिॲक्शन बऱ्याचदा पहिल्या तासा-दोन तासात येते पण संध्याकाळपर्यंत पण येऊ शकते, त्यामुळे साडेसहा तास झाले म्हणून लस सुटली असं नाही. उलट गोळीनंतर अर्ध्या तासात झालं म्हणजे गोळीच असंही छातीठोक नाही सांगता येत. आणि तिसरा संशयित ती वासाची चव, त्यात कधी कधी मांसाचा अंश असतो आणि एखाद्या कुत्र्याला तोच बाधतो, औषध बिचारं बाजूलाच राहतं.
म्हणून फाइलवर तिन्ही गोष्टी लिहून घ्या, लसीचं नाव आणि बॅच नंबर, गोळीचं नाव आणि बॅच, किती वाजता काय. नुसतं 'जंताच्या औषधाची ॲलर्जी' असं लिहिलं तर पुढचा डॉक्टर घाबरून सगळंच बंद करेल आणि पुढच्या वर्षी लस मात्र बिनधास्त टोचली जाईल.
बंद मात्र करू नका, घरात लहान मूल आहे तर नाहीच. गोल जंताची अंडी शीतून बाहेर पडतात, मातीत दोन-तीन आठवडे राहिल्यावर ती बाधायच्या अवस्थेत येतात, म्हणून शी रोजच्या रोज उचलली तर अर्धी लढाई तिथेच. डॉक्टरांना म्हणा आधी शी तपासा, मग जे जंत सापडतील त्याच्यापुरतं एकच घटक असलेलं औषध द्या, आणि ते सकाळी दवाखान्यातच द्या, तासभर तिथेच बसा. रात्री नको, रात्री काही झालं तर धावपळ होते. लस आणि औषध यात दोन आठवडे तरी जाऊ द्या.

शेपूटवाला:
एक भर घालतो, विषय थोडा वेगळा आहे पण लोक दोन्हीला ॲलर्जीच म्हणतात म्हणून. माझा आधीचा कुत्रा कॉली जातीचा होता, कुणाच्या तरी सांगण्यावरून गुरांसाठीचं आयव्हरमेक्टिन (जंत-गोचिडांवरचं औषध) टोचलं आम्ही. दुसऱ्या दिवशी झिंगल्यासारखा चालायला लागला, बाहुल्या मोठ्या, लाळ, डोळ्यांना दिसेना, मग नुसता पडून. तीन दिवस सलाइनवर होता, वाचला. ती ॲलर्जी नव्हती, विषबाधा होती. कॉली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांच्यात एमडीआर१ नावाच्या जीनमधे बिघाड असू शकतो, औषध मेंदूत शिरू नये म्हणून जे दार असतं ते उघडंच राहतं. २००१ साली शोध लागलाय याचा, टेस्टही होते. गंमत म्हणजे हार्टवर्मसाठी (हृदयात होणारे जंत) आयव्हरमेक्टिन महिन्याला किलोमागे ६ मायक्रोग्रॅम देतात ते या कुत्र्यांनाही चालतं, पण गुरांच्या एक टक्क्याच्या इंजेक्शनमधे एका एमएलमधे १०,००० मायक्रोग्रॅम असतात, दहा किलोच्या कुत्र्याला एक एमएल म्हणजे दीडशे पटीच्या वर. मिक्स कुत्र्यातही हा जीन येतो, झिपऱ्याच्या नावावरून विचारतोय, केस लांब आहेत का?

झिपऱ्याची_आई:
केस आहेत की, सगळ्या सोफ्यावर आहेत 😄 टेस्टचं विचारते. अजून एक, घरी ॲलर्जीची माणसांची गोळी ठेवू का पुढच्या वेळेसाठी?

रात्रपाळी_असिस्टंट:
डॉक्टरांनी नाव आणि वजनानुसार डोस लिहून दिला तरच. माणसांच्या सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्यांमधे कधी कधी नाक मोकळं करायचं औषध किंवा पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं, ते कुत्र्याला महागात पडतं. आणि गोळी देऊन वाट बघत बसू नका. अचानक उलट्या, रक्ताची पातळ शी, हिरड्या पांढऱ्या, पाय लटपटणं, धाप, यातलं काही दिसलं तर सरळ गाडीत घाला, कुत्र्यांमधे मोठी रिॲक्शन आधी पोट आणि लिव्हर धरते, तोंड सुजेलच असं नाही. गोळी काढायला उलटी करवायला जाऊ नका.

झिपऱ्याची_आई:
तीन आठवड्यांनी अपडेट देतेय, उशीर झाला. शी तपासली, हूकवर्मची (आतड्याला चिकटून रक्त पिणारे जंत) अंडी निघाली, म्हणजे औषध बंद केलं असतं तर चांगलंच महागात पडलं असतं! डॉक्टरांनी नुसतं फेनबेंडाझोल दिलं तीन दिवस, पहिला डोस दवाखान्यात, मी दर दोन मिनिटांनी त्याचे ओठ उचलून हिरड्या बघत होते, शेवटी वैतागून तो माझ्याकडे पाठ करून बसला. काही झालं नाही, एक दिवस शी जरा सैल, बस. त्यावर डॉक्टर म्हणाले की फेबँटेल पोटात गेल्यावर त्याचं फेनबेंडाझोलच होतं, म्हणून आता संशय उरला तो बाकीच्या दोघांवर, त्या वासावर आणि लसीवर. फाइलवर लाल पेनाने सगळं लिहून घेतलंय. लस पुढच्या वर्षी, सकाळी नऊची वेळ आत्ताच सांगून आलेय.