धर्मेंद्र गेले त्या संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर

सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

सी-१०१ काकी, दुपारी २.४०
धर्मेंद्र गेले हो. टीव्हीवर दाखवतायत.

बी-२०१ वहिनी, २.४३
काकी, नक्की ना? ११ तारखेला मी इथे हात जोडलेला फोटो टाकला आणि थोड्या वेळात त्यांच्या मुलीचाच खुलासा आला, पप्पा बरे होतायत म्हणून. दुसऱ्या दिवशी ते ब्रीच कँडीतून घरी गेले. फोटो काढून टाकला, तरी मला दोन रात्री चुटपुट लागून राहिली होती. जित्याजागत्या माणसाला हार घातला मी.

ए-३०३ डॉक्टर, २.५१
या वेळी खरं आहे वहिनी. विलेपार्ल्याला अंत्यसंस्कारही झाले. ८ डिसेंबरला नव्वद पूर्ण झाली असती.

बी-२०१ वहिनी, २.५२
अरेरे.

सी-१०१ काकी, २.५८
असरानींचं आठवतं? नरक चतुर्दशीचा दिवस. पहाटे आपण नरकासुर जाळला, कारीट फोडलं, घरोघर फोव, म्हणजे पोहे, खाल्ले. ते गेले त्या दुपारी, आणि जगाला कळलं सगळं उरकल्यावर. गाजावाजा नको असं त्यांनीच बायकोला सांगून ठेवलं होतं म्हणे. मला ते फार आवडलं. घरच्यांना निवांत रडू तरी मिळालं.

सेक्रेटरी, ३.१०
सर्वांना नम्र विनंती. घरच्यांनी सांगितल्याशिवाय कोणाच्याही जाण्याची बातमी ग्रुपवर टाकू नये. गेल्या डिसेंबरात तबलानवाज झाकीर हुसेनभाईंच्या वेळीही असंच झालं. १५ तारखेच्या रात्री आपण सगळे श्रद्धांजली लिहून मोकळे झालो, मग घरून नकार आला, आणि दुसऱ्या दिवशी खरी बातमी. मधल्या त्या तासांत त्यांच्या माणसांवर काय गुदरलं असेल!

ए-३०३ डॉक्टर, ३.१८
मनापासून अनुमोदन. माझ्या एका पेशंटचा मुलगा परदेशात होता. मी बाहेर येऊन फोन लावेपर्यंत त्याला नातेवाइकांच्या ग्रुपवरून कळलं होतं. मी 'हॅलो' म्हटलं, तर तो म्हणाला, "कळलं मला." तो आवाज अजून कानात आहे.

ए-१०२ मास्तर, ४.०५
मी उशिरा बघतोय, वामकुक्षी चालू होती. मन भरून आलं. १९७५ साली 'शोले' बघायला आम्ही चौघे शिक्षक कारेरने, म्हणजे बसने, पणजीला गेलो होतो. शेवटची कारेर चुकली, रात्र बसस्टँडवर काढली. लोक वीरूच्या टाकीवरच्या सीनबद्दल बोलतात. पण माझा धर्मेंद्र वेगळा. त्याच वर्षीचा 'चुपके चुपके' बघा. वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक ड्रायव्हर होऊन शुद्ध हिंदी बोलतो, आणि हा एवढा देखणा दणकट माणूस चेहरा गंभीर ठेवून हसवतो. असरानीही त्यात आहेत. एका महिन्याच्या आत दोघे गेले, जवळजवळ. नाही, महिन्याहून चार दिवस जास्त, मोजले मी.

आणखी एक. त्यांचे वडील पंजाबातल्या खेड्यात शाळेचे हेडमास्तर. मुलगा सिनेमाच्या मागे लागला तेव्हा त्या हेडमास्तरांच्या घरात काय झालं असेल, याचा मी मास्तर म्हणून बरेचदा विचार करतो. 'सत्यकाम'मधला त्यांचा तो प्रामाणिक इंजिनिअर बघताना मला नेहमी वाटतं, ही शिस्त घरातून आली असणार.

बी-४०३, ५.३०
पणजीत इफ्फीच्या, चित्रपट महोत्सवाच्या, रांगेत उभा आहे. इथेही सगळे त्यांच्याबद्दलच बोलतायत. एक बोलू का सगळ्यांशी? राग मानू नका. जुलैमध्ये मी ग्रुपवर दियोगो जोटाचा फोटो टाकला होता. कोणीच काही बोललं नाही. त्याच्या खालोखाल पाण्याच्या टँकरचा मेसेज आला आणि फोटो वर गेला. मला वाईट वाटलं होतं.

ए-१०२ मास्तर, ५.३४
बाबू, तो कोण ते मला कळलंच नव्हतं रे. परक्या पोराचा फोटो बघून पुढे गेलो. आज सांग.

बी-४०३, ५.५२
पोर्तुगालचा फुटबॉलपटू, लिव्हरपूलला खेळायचा. वय २८. २२ जूनला लग्न झालं आणि ३ जुलैला स्पेनमध्ये गाडीच्या अपघातात गेला. बरोबर धाकटा भाऊ होता, तोही फुटबॉलपटू, तोही गेला. त्याच मोसमात लिव्हरपूलने लीग जिंकली होती, जूनमध्ये पोर्तुगालने नेशन्स लीग. सगळं मिळालं होतं त्याला. मुलं तीन. क्लबने त्याचा २० नंबर कायमचा बाजूला ठेवला, आता तो कोणालाच मिळणार नाही. मॅचमध्ये विसाव्या मिनिटाला लिव्हरपूलचं अख्खं ॲनफिल्ड स्टेडियम त्याचं गाणं म्हणतं. मी इथे फोंड्यात, रात्री हेडफोन लावून, आवाज न करता म्हणतो. आई झोपलेली असते.

सी-१०१ काकी, ५.५५
अकरा दिवस. देवा रे.

सी-१०१ काकी, ५.५६
आणि त्या आईचे दोन्ही मुलगे एकदम.

बी-२०१ वहिनी, ६.०२
बाबू, माफ कर. टँकरचा मेसेज माझाच होता.

ए-१०२ मास्तर, ६.२०
माझंही असंच झालं होतं, मी बोललो नाही एवढंच. ३ मार्चला पद्माकर शिवलकर गेले. मी चार ओळी लिहिल्या, तुम्ही हात जोडलेत, संपलं. डावखुरा फिरकी गोलंदाज, प्रथम श्रेणीत ५८९ बळी, आणि एकही कसोटी नाही. कारण त्याच काळात त्याच जागेवर बिशन बेदी होते. १९७२-७३ची रणजी फायनल, चेपॉक, समोर तामिळनाडू. पहिल्या डावात १६ धावांत ८, दुसऱ्यात १८ धावांत ५. मुंबईचं ते सलग पंधरावं विजेतेपद. आकडे मला तोंडपाठ आहेत. ट्रान्झिस्टर छातीशी धरून ऐकलेले आकडे असे जात नाहीत. आणि हा माणूस गायचाही. 'हा चेंडू दैवगतीचा' हे त्यांनी गायलेलं गाणं ऐका. ज्याला भारताची टोपी मिळाली नाही त्याच्या आवाजात हे शब्द ऐकताना आत काहीतरी हलतं.

बी-४०३, ६.२४
आत्ता ऐकलं, मास्तर. रांगेतच.

बी-२०१ वहिनी, ७.१५
मग मीही लिहिते. कुकर लावलाय, तुटक झालं तर समजून घ्या.

२०२२च्या ६ फेब्रुवारीला लतादीदी गेल्या तेव्हा हा ग्रुप रात्रभर जागा होता. बरोबरच होतं. मंगेशी इथून हाकेच्या अंतरावर, दीनानाथांचं गाव, आपल्याला त्या घरच्याच. पण त्याआधी महिनाभर, ८ जानेवारीला, रामदास कामत गेले. साखळीचे. एअर इंडियात नोकरी करून गाणारे. ग्रुपवर किती जणांनी लिहिलं? मी शोधून पाहिलं. दोन.

आमच्या बाबांनी गावच्या जत्रेत 'मत्स्यगंधा'तला पराशर केला होता. उत्सवी नाटक, पेटी मास्तर शेजारच्या गावचे, तालमी आमच्या अंगणात. बाबांना कामतांसारखी तान यायची नाही. 'गुंतता हृदय हे' म्हणताना एका जागी ते हमखास अडखळायचे आणि डोळे मिटून पुढे जायचे. पडद्याआड आई ओठ हलवून तीच जागा म्हणायची. मी पाच-सहा वर्षांची, विंगेत पोत्यावर बसलेली. कामत गेले त्या दिवशी मी ते गाणं लावलं, आणि ती जागा आली तेव्हा कामत अडखळले नाहीत. तेव्हा मला कळलं की बाबा नाहीत. बाबांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

सत्यवती करणाऱ्या आशालताबाईही आपल्याच गोव्याच्या. २०२०च्या सप्टेंबरात मालिकेच्या चित्रीकरणाच्या वेळी कोविड झाला, साताऱ्यात गेल्या. तेव्हा माणसं इतकी जात होती की त्यांच्यासाठी थांबायलाही झालं नाही. 'गर्द सभोवती रान साजणी' मी अजून एकटी असतानाच ऐकते.

ए-३०३ डॉक्टर, ७.२८
वहिनी, काय लिहिलंत. प्रभाकर कारेकरांचंही तेच. आपल्या गोव्याचे, अभिषेकीबुवांकडे शिकलेले. यंदा १२ फेब्रुवारीला गेले. माझ्या ओपीडीत सकाळी त्यांचं 'बोलावा विठ्ठल' लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही लागलं होतं, आणि गाणारा गेलाय हे मला संध्याकाळी कळलं.

सेक्रेटरी, ७.४०
रविवारी ३० तारखेला संध्याकाळी सहा वाजता गच्चीवर बसूया का? हार-फोटो काही नको. ज्याला ज्याची आठवण असेल त्याने ती सांगावी, गावी. पाण्याच्या टाकीकडचा दिवा मी उद्या दुरुस्त करून घेतो.

बी-४०३, ७.४१
जोटाचं चालेल?

सी-१०१ काकी, ७.४१
तुझ्यापासूनच सुरू करू. मी खतखतं करते.

ए-१०२ मास्तर, ७.४६
वहिनी, पेटी आहे ना अजून घरात?

बी-२०१ वहिनी, ७.५०
बाबांची आहे. माळ्यावर. वरच्या सप्तकातला एक सूर अडकतो, दाबला की दाबलेलाच राहतो.

ए-१०२ मास्तर, ७.५२
सकाळी घेऊन या. धूळ बसली असेल, मी उघडून बघतो. देव बरें करूं.