टेकडी, चित्रं आणि ते एक वर्ष: तुमचेही अनुभव सांगा

अबोली:
काल माळा आवरताना हातकागदाची एक वही सापडली. 2023 ची. मधल्या पानात पांगाऱ्याची पाकळी, वाळून काळपट झालेली, आणि खाली माझ्याच अक्षरात "वेताळ टेकडी, खाणीच्या वर. ऊन तापायच्या आत." तिथेच स्टुलावर बसले ती तासभर. माळा तसाच राहिलाय.

त्या वर्षी मी आणि मैत्रिणीने ठरवलं होतं, एक रविवार टेकडीचा, पुढचा चित्रांचा. पर्वती, तळजाई, वेताळ, मग पाताळेश्वर, केळकर संग्रहालय, बालगंधर्वचं कलादालन. शाळा सुटल्यापासून पेन्सिल हातात धरली नव्हती. पाताळेश्वराच्या अंगणात चित्र काढायला बसले तेव्हा लक्षात आलं की नंदीचा मंडप गोल आहे. चाळीस वर्षं जंगली महाराज रस्त्याने जा-ये केली, कितीदा आत जाऊन नमस्कार केला, पण तो गोल आहे हे दिसलंच नव्हतं!

वहीतलं शेवटचं चित्र भाज्याच्या लेण्यांतल्या चैत्यगृहाचं, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या दालनाचं. खांब तीनदा खोडले. मैत्रीण म्हणाली, "अगं, ते सरळ नाहीयेत, नीट बघ." खरंच, सगळे आतल्या बाजूला कललेले. लाकडी घर बांधायचे तसंच दगडात कोरलंय, म्हणून. आणि वर छताला लाकडाच्या कमानी अजून आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. मी नुसती वर बघत राहिले. स्तूप काढायला घेतला आणि पाऊस आला, वही ओढणीत गुंडाळून मळवली स्टेशन गाठलं. पुढच्या महिन्यात तिची नागपूरला बदली झाली. स्तूप अर्धाच आहे.

तुम्ही असं काही केलंय का? लिहा ना.

पायवाट:
भाज्याला गेलात तर 19 नंबरचं लेणं चुकवू नका!! ओसरीत सूर्याचा रथ, हत्तीवरचा इंद्र, आणि एक बाई नाचतेय, शेजारी कुणीतरी तबल्यासारखं काहीतरी वाजवतंय. आमचे तबल्याचे गुरुजी दरवर्षी विद्यार्थ्यांना घेऊन जायचे ते फक्त तेवढं दाखवायला. बाकी नंतर लिहितो, कुकर झालाय.

सदाफुली:
केळकर संग्रहालय म्हटलं की मला अडकित्तेच आठवतात. किती त्यांचे आकार! तेव्हापासून आजीचा पितळी अडकित्ता शोधतेय, काकूकडे असणार. धार लावून देणारं कुणी माहीत आहे का पुण्यात? आधी दारावर यायचे.

अबोली:
सदाफुली, मंडईच्या मागच्या गल्ल्यांत विचारून बघ. आणि केळकर संग्रहालयातला मस्तानी महाल पाहिलास ना? कोथरूडहून आणून तिथे उभा केलाय. संग्रहालयाला राजा हे नाव केळकरांच्या लहानपणी गेलेल्या मुलाचं आहे, हे कळल्यापासून मी तिथे हळू चालते. एकेक दिवा, एकेक कुंचीसुद्धा वेगळीच दिसायला लागते.

सदाफुली:
अगं बाई. हे माहीत नव्हतं. मुलांना पुन्हा घेऊन जाते.

बोरिवलीकर:
आमचं वर्ष कान्हेरीचं. आईला घेऊन जायचो, ती 71 ची. सगळी लेणी बघायची नाहीत असं ठरवलेलं, दर खेपेला दोन-तीनच. आईला मूर्तींपेक्षा पाण्याची टाकी आवडली. पावसाचं पाणी दगडातल्या चरांमधून टाक्यात कसं उतरतं ते तिने अख्ख्या सोसायटीला समजावलं. म्हणाली, "आमच्या विहिरीवर असंच होतं." दुपारी जहांगीर कलादालनात. तिथे तिकीट नाही हे तिला खरंच वाटेना, दारात पर्स उघडून उभी. (लेणी ज्या राष्ट्रीय उद्यानात आहेत ते सोमवारी बंद असतं, आम्ही एकदा परत आलोय.)

रंकाळा_काठ:
कोल्हापुरात चित्रं बघायला वेगळं जावं लागत नाही ओ. आबालाल रहिमान कोटितीर्थाकाठी राहायचे, तिथलीच चित्रं काढायचे. मी तेच पाणी, तोच घाट सहा महिने काढला, दर शनिवारी. हिरवा रंग काही जमत नाही अजून. पण पन्हाळा-जोतिबा झाला सगळा. उतरल्यावर मिसळ.

सदाफुली:
मिसळ कुठली? कट वेगळा देतात का?

रंकाळा_काठ:
ताई, तुम्ही या, मग सांगतो 😄

गिरिपुष्प:
मी रडले हे वाचून. बाबा मला पर्वतीला न्यायचे, 103 पायऱ्या मोजत. अधेमधे मुद्दाम चुकायचे, म्हणजे मी दुरुस्त करावं. गेल्या वर्षी एकटीच चढले आणि मोठ्याने मोजल्या. एक आजोबा म्हणाले, "बरोबर आहे हं."

पायवाट:
कुकर उतरवला. सांगायचं राहिलं, लेण्यांत मधमाश्यांची पोळी असतात. अत्तर, परफ्यूम लावून जाऊ नका, आरडाओरडा नको, मुलांना आधी नीट सांगून ठेवा. मला आणि भाच्याला हरिश्चंद्रगडावर चावल्यात, दोन दिवस तोंड सुजलेलं. आणि पावसात भाज्याच्या पायऱ्या निसरड्या होतात.

वाईकर:
मेणवलीला या सगळे. वाईपासून जवळ. नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतींवर चित्रं आहेत, रंग अजून टिकून आहेत. घाटावर वसईच्या चर्चमधली मोठी घंटा, चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली तेव्हाची. आम्ही लहानपणी तिच्यावर बोट वाजवून कान लावायचो. चित्र काढायचं तर घाटावर सकाळी बसा, कृष्णेचं पाणी तेव्हा हलत नाही.

अनामिक_शिक्षिका:
एका संग्रहालयात मुलांना वह्या बाहेर ठेवायला लावल्या हो. चौथीची पोरं, पेन्सिलीच होत्या हातात. बाहेर येऊन ओट्यावर बसून आठवून काढली सगळ्यांनी. एकीने तलवारीच्या मुठीवरची वेल जशीच्या तशी काढली. ती वही मी ठेवलीय.

संत्रानगरी:
अबोली ताई, तुमची मैत्रीण अजून नागपुरातच आहे का? सेमिनरी हिल्सला आमचा चार जणींचा गट जातो, उन्हाळ्यात पहाटे पाचला, नंतर उभंच राहवत नाही. आणि अजब बंगला! 1863 चं संग्रहालय. त्यांना सांगा ना.

अबोली:
आहे, आहे! आत्ताच तिला वहीतल्या अर्ध्या स्तूपाचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "खांब अजूनही सरळच काढलेस." दिवाळीत येतेय, चार दिवस.

पायवाट:
रविवारी जाणार असाल तर सकाळची लोणावळा लोकल धरा, नंतर गर्दी होते. आणि स्टुलावरून उतरा आता, माळा राहिलाय.