मोठा खेळाडू म्हणजे चांगला कोच, हे कोणी ठरवलं?

जहाजी गुहागरकर: काल इथे एकाने लिहिलं की जो वरच्या लेव्हलला खेळला नाही त्याने कोचिंगला हात लावू नये, आणि दाखला काय तर आईस हॉकीतले खेळाडू रिटायर झाले की कोच होतात. वाचून डोकं फिरलं. नोकरीमुळे कॅनडाच्या बंदरांत हिवाळे काढलेत मी, तिथे गोदीतली माणसं दुसरं काही बोलतच नाहीत. वेन ग्रेट्झकी, एनएचएलमध्ये (तिकडची सगळ्यात मोठी आईस हॉकी लीग) 894 गोल, 2005 ला फीनिक्स टीमचा कोच झाला, 4 सीझन राहिला आणि टीम एकदाही प्लेऑफला, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेरीला, गेली नाही. स्कॉटी बोमन एनएचएलची एक मॅच खेळला नाही, कोच म्हणून 9 स्टॅनली कप, म्हणजे त्या लीगची 9 विजेतेपदं. बोला आता.

रत्नांग्री रेडर: तो मीच. ब्रिंडामोर बरा विसरलात! 2006 ला कॅरोलिना टीमचा कॅप्टन म्हणून तोच कप उचलला, 2018 ला तिथलाच हेड कोच. 9 सीझन प्लेऑफ न बघितलेली टीम त्याच्या पहिल्याच वर्षी आत. पोरं ऐकतात कारण त्याने स्वतः मार खाल्लाय.

जहाजी गुहागरकर: आणि मधली 7 वर्षं असिस्टंट होता ते का गाळलंत? दर पाऊण मिनिटाला लाईन, म्हणजे बर्फावरची खेळाडूंची तुकडी, बदलायची, आपलं कोण दमलं, समोरून कोण उतरलं, हे बाकामागे उभं राहूनच शिकावं लागतं.

कुडाळची आई: मला हॉकी कळत नाही, मुलीच्या कबड्डीचं सांगते. नावाजलेला खेळाडू कोच म्हणून आला, शिकवायचं म्हणजे "मी करतो तसं कर". गुडघा दुखतोय म्हणाली तरी रेडला पाठवली. सहा महिने घरी आहे पोर.

लाल माती: ताई, कोचपेक्षा मॅटचा दोष. मातीत पाय सरकतो, मॅटवर बूट धरून ठेवतो आणि गुडघा पिळतो. आमची पोरं वर्षभर मातीत खेळणार आणि निवडीला एकदम मॅटवर, कसं जमायचं?

दादरचा चाकरमानी: अजून मातीच धरून बसा! मॅटशिवाय प्रो कबड्डीत कोण घेणार?

लाल माती: तुम्ही गणपतीला चार दिवस येणार आणि आम्हाला शिकवणार. मैदानावर पाणी कोण मारतं, रोलर कोण ओढतं? मॅट ठेवायला पत्र्याची शेड तरी आहे का गावात? आधी ती बांधून द्या मग बोला.

दादरचा चाकरमानी: मागच्या वर्षी वर्गणी दिली ती कुठे गेली ते सांगा आधी!

मालवणी माणूस: अरे मूळ विषय काय, चाललात कुठे! आचरेकर सर आपल्या मालवणचे, फर्स्ट क्लास मॅच एकच खेळले. सचिन कोणी घडवला?

रत्नांग्री रेडर: सरांचं नाव काढलंत, तिथे माझं काही चालत नाही. बरं, वरच्या लेव्हलला खेळलेला नसला तरी चालेल. पण रोज पोरांबरोबर मैदानात उभा राहणारा हवा, यातून मी हटणार नाही.

जहाजी गुहागरकर: हेच काल लिहिलं असतंत तर मी एवढं टाइप केलं नसतं.

कुडाळची आई: वर्गणीचं तुम्ही नंतर भांडा. पुढच्या महिन्यात ती परत खेळायला लागणार, कुडाळ-सावंतवाडीकडे दुखतंय म्हटल्यावर बाहेर बसवणारा कोणी कोच आहे का ते सांगा.