गुलामांनी पिकवलेल्या कापसावर बहिष्कार : अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी चळवळीचा एक दुर्लक्षित भाग

मागवाला (सोलापूर, पूर्व भाग) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात पुढील महिन्यात मला अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी चळवळीवर बोलायचे आहे. श्रोते बहुतेक यंत्रमाग, टॉवेल-चादरी आणि सुताच्या धंद्यातले आहेत. त्यामुळे लिंकन, यादवी युद्ध आणि मुक्तीचा जाहीरनामा या ठरलेल्या क्रमाने न जाता कापसाच्या वाटेने विषयात शिरावे, असे मनात आहे.

वाचताना असे आढळले की, युद्धापूर्वी कित्येक वर्षे अमेरिकेतील काही कुटुंबे गुलामांच्या श्रमातून आलेले सुती कापड, साखर आणि तांदूळ घरात आणत नसत आणि त्यांच्यासाठी वेगळी दुकानेही चालत. हे कोणी सुरू केले, त्यांना वेगळा कापूस मिळत तरी कुठून होता, आणि ज्या देशाची निर्यात मुख्यतः कापसावर उभी होती तिथे अशा बहिष्काराने काही साधले का? हिंदुस्थानातील कापसाकडेही या लोकांचे लक्ष होते, असा एक ओझरता उल्लेख वाचला आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त इतिहासशिक्षक (सोलापूर)

विषय चांगला निवडला आहे. कापूस बाजूला ठेवून अमेरिकेतील गुलामगिरी समजतच नाही.

या बहिष्काराची मुळे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांमध्ये सापडतात. पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाऊन येथे काही क्वेकरांनी १६८८ मध्येच गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला होता. पुढे अठराव्या शतकात जॉन वूलमन या क्वेकर उपदेशकाने, जो स्वतः शिंपीकाम करीत असे, गुलामांनी तयार केलेली साखर सोडली आणि रंग न दिलेले कपडे वापरायला सुरुवात केली. त्याच्या मते अन्यायाने मिळवलेली वस्तू विकत घेणारा माणूस त्या अन्यायाचा भागीदार ठरत होता. १७९१ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घालण्याचा प्रस्ताव फेटाळला, तेव्हा इंग्लंडमधील असंख्य कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर बंद केली. तेच उदाहरण अमेरिकेतील मंडळींपुढे होते.

मात्र त्याच सुमारास उलट्या दिशेने एक मोठी घटना घडली. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र तयार केले. हाताने सरकी काढताना जो आखूड धाग्याचा कापूस परवडत नसे, तो आता दक्षिणेत सर्वत्र लावता येऊ लागला. १७९० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते. १८६० मध्ये ती संख्या चाळीस लाखांच्या घरात गेली. आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर १८०८ पासून कायद्याने बंदी असूनही ही वाढ झाली, कारण गुलाम मातांची मुले जन्मतःच गुलाम ठरत आणि व्हर्जिनिया-मेरीलँडकडील माणसे मिसिसिपी, अलाबामाच्या कापूसपट्ट्यात विकली जात. युद्धाच्या तोंडावर अमेरिकेच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता.

अशा परिस्थितीत बेंजामिन लंडी यांनी १८२६ मध्ये बाल्टिमोर येथे मुक्त श्रमाच्या, म्हणजे गुलामांचा हात न लागलेल्या मालाचे दुकान काढले. फिलाडेल्फियात लिडिया व्हाइट यांचे दुकान निघाले. त्याच शहरातील कृष्णवर्णीय नागरिकांनी १८३० मध्ये आपली स्वतंत्र संस्था स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी कृष्णवर्णीय स्त्रियांनीही आपली वेगळी संस्था उभारली. गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्या ल्युक्रिशिया मॉट यांचे पती जेम्स मॉट यांनी कापसाचा चालता धंदा सोडून लोकरीचा धरला. सिनसिनाटीत लेव्हाय कॉफिन यांनी १८४७ पासून घाऊक वखार चालवली. गुलाम न ठेवणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांकडून ते कापूस घेत आणि त्याची सरकी काढण्यापासूनचे काम गुलामांच्या हातून होणार नाही, याची काळजी घेत. हेच कॉफिन पळून आलेल्या गुलामांना घरात आसरा देऊन उत्तरेकडे पोहोचवत असत, हे तुमच्या श्रोत्यांना आवर्जून सांगावे.

आर्थिकदृष्ट्या मात्र हा प्रयत्न अपुराच राहिला. माल महाग, पोत जाडाभरडा, पुरवठा अनियमित. सवलतीत मिळणारे उत्तम कापड बाजूला ठेवून हे घेणारी घरे मूठभरच होती.

रुईवाला (बार्शी)

सरांनी सरकीचा उल्लेख केला म्हणून धंद्याच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे जिनिंगमध्ये पाच गावांचा कापूस एका ढिगात पडला की त्यातील कोणता कोणाच्या शेतातला, हे सांगणे कोणालाही शक्य नसते. रुईची गाठ बांधली, ती गिरणीत फुटली, तिचे सूत निघाले, मग तर प्रश्नच संपला. साखरेच्या पोत्यावर बेटाचे नाव तरी सांगता येई. कापसाला तशी ओळख उरत नव्हती. म्हणूनच कॉफिन यांच्यासारख्यांना शेतापासून कापडाच्या ताग्यापर्यंत स्वतंत्र साखळी उभी करावी लागली. मोठ्या गिरण्यांना थोड्याशा गाठींसाठी वेगळी चाल घ्यायची नसते, हे सोलापुरात कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

हिंदुस्थानच्या कापसाबद्दल तुम्ही वाचलेला उल्लेख खरा आहे. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये झाल्यावर तेथील चळवळीतले वक्ते जॉर्ज थॉम्पसन अमेरिकेत भाषणे देत फिरले. १८३५ मध्ये बोस्टनमध्ये त्यांना गाठण्यासाठी जमाव जमला. ते हाती लागले नाहीत, तेव्हा संपादक विल्यम लॉइड गॅरिसन यांना दोर बांधून रस्त्यातून ओढत नेण्यात आले. १८३९ मध्ये लंडनला ब्रिटिश इंडिया सोसायटी स्थापन झाली, तिच्यात थॉम्पसन अग्रभागी होते. हिंदुस्थानातील रयतेची स्थिती सुधारली आणि तिचा कापूस लँकेशायरला, म्हणजे इंग्लंडच्या कापडगिरण्यांच्या भागाला, मुबलक मिळू लागला, तर अमेरिकेतील गुलाममालकांची बाजारपेठ आपोआप ढासळेल, असा त्यांचा विचार होता. १८४३ मध्ये द्वारकानाथ टागोरांच्या सोबतीने ते कलकत्त्यातही वावरले.

ईस्ट इंडिया कंपनीनेही त्याच काळात कापूस सुधारण्याचा प्रयत्न केला, परंतु तिचा हेतू निव्वळ व्यापारी होता. १८४० मध्ये तिने अमेरिकेतील दहा कापूस बागायतदार हिंदुस्थानात आणले. त्यांच्या जातीचा कापूस धारवाड भागात रुजला, बाकी बहुतेक ठिकाणी जमला नाही. आपला देशी कापूस आखूड धाग्याचा. लँकेशायरची यंत्रे अमेरिकन धाग्याच्या बेताने बसवलेली. शिवाय दख्खनचा माल बैलांवर आणि गाड्यांवर लादून बंदरापर्यंत पोहोचेपर्यंत त्यात माती मिसळलेली असे. सोलापूरला रेल्वे आली तीच १८६० मध्ये. हा विचार ज्यांनी मांडला त्यांची तळमळ खरी होती, पण त्या वेळच्या वाटा आणि बियाणे त्यांच्या बाजूने नव्हते.

मागवाला

दोघांचेही मनापासून आभार. आता प्रश्न असा पडतो की, हा बहिष्कार फसला असेच श्रोत्यांना सांगावे का? चळवळीतील इतर नेत्यांचे त्याबद्दल काय मत होते?

वाचक, मंगळवेढा

सुरुवातीला अनुकूल असलेल्या गॅरिसन यांनीच पुढे या बहिष्काराचा आग्रह सोडला. गुलामांच्या श्रमाचा माल सर्वत्र इतका मुरलेला आहे की त्यापासून पूर्ण अलिप्त राहणे अशक्य आहे आणि त्या शोधात खऱ्या लढ्यासाठीची शक्ती खर्च होते, असे त्यांचे मत झाले. मला ते पटते. तरीही दादा, तुम्ही फक्त भाव आणि विक्री मोजून निकाल देऊ नये, असे मला वाटते.

मे १८३८ मध्ये फिलाडेल्फियात गुलामगिरीविरोधकांनी वर्गणीतून पेनसिल्व्हेनिया हॉल ही भव्य इमारत बांधली, कारण त्यांना सभेसाठी कोणी जागा देईना. तिच्या तळमजल्यावर मुक्त श्रमाच्या मालाचे दुकान होते. वर सभागृहात स्त्री-पुरुष, गोरे-काळे एकत्र बसले आणि अँजेलिना ग्रिमके बोलत असताना बाहेरून दगड येत होते. दक्षिण कॅरोलिनातील गुलाममालक घराण्यातली ही मुलगी; जे पाहिले ते सांगण्यासाठी घर सोडून उत्तरेत आलेली. सभा उधळली गेली नाही. स्त्रिया एकमेकींचे हात धरून, गोरी आणि काळी अशा जोड्यांनी जमावातून बाहेर पडल्या. दुसऱ्या रात्री जमावाने ती इमारत जाळली आणि अग्निशामक दलाने शेजारच्या इमारतींवरच पाणी मारले. उद्घाटनाला चार दिवसही पूर्ण झाले नव्हते. ज्या मालाने बाजाराला धक्का बसत नाही त्याचे दुकान आणि त्यावरचे सभागृह जाळावेसे वाटले, यावरून त्यांना नेमकी कशाची भीती होती हे दिसते.

याच स्त्रिया घरोघर जाऊन संसदेकडे पाठवायच्या अर्जांवर सह्या गोळा करीत. त्यांना मताचा अधिकार नव्हता, अर्जाचा होता. हे अर्ज इतके आले की १८३६ मध्ये प्रतिनिधिगृहाने ते चर्चेविना बाजूला ठेवण्याचा नियम केला. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी त्याविरुद्ध सतत झुंज दिली आणि १८४४ मध्ये तो नियम रद्द झाला. तोपर्यंत गुलामगिरीशी देणेघेणे नसलेल्या उत्तरेकडील माणसालाही कळून चुकले होते की, दक्षिणेची ही व्यवस्था आता त्याच्या बोलण्याच्या हक्कावर आली आहे.

आणखी एक आग्रहाची विनंती. ही चळवळ म्हणजे काही दयाळू गोऱ्यांचे कार्य, असे चित्र तुमच्या व्याख्यानातून उभे राहू देऊ नका. बोस्टनमध्ये जुन्या कपड्यांचे दुकान चालवणारे डेव्हिड वॉकर यांनी १८२९ मध्ये आपल्या बांधवांना उद्देशून जळजळीत आवाहनपत्र छापले आणि ते खलाशांच्या हाती, काही वेळा कपड्यांच्या अस्तरात शिवून, दक्षिणेच्या बंदरांत पोहोचवले. गॅरिसन यांचे ‘लिबरेटर’ हे वृत्तपत्र १ जानेवारी १८३१ रोजी निघाले, तेव्हा त्याला जगवणारे बहुसंख्य वर्गणीदार मुक्त कृष्णवर्णीय होते. फ्रेडरिक डग्लस १८३८ मध्ये गुलामगिरीतून निसटले आणि १८४७ मध्ये त्यांनी स्वतःचे वृत्तपत्र काढले. स्वतः सुटून आलेल्या हॅरिएट टबमन पुन्हा पुन्हा मेरीलँडमध्ये जाऊन सुमारे सत्तर माणसांना बाहेर घेऊन आल्या, तेही १८५० चा पलायनविरोधी कायदा उत्तरेतही मागावर असताना. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. त्या सज्जनांत या माणसांचाही समावेश होतो, हे आपल्या श्रोत्यांना माहीत असले पाहिजे.

निवृत्त इतिहासशिक्षक (सोलापूर)

मंगळवेढ्याच्या ताईंच्या म्हणण्याला पूर्ण सहमती देऊन कापसाचा शेवटचा भाग लिहितो, कारण तुमच्या श्रोत्यांना तो सर्वांत जवळचा वाटेल.

जे बहिष्काराने झाले नाही ते युद्धाने झाले. १८६१ नंतर उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. लाखो कामगार उपाशी राहिले. दक्षिणेला मान्यता देऊन कापूस सोडवून आणावा, असे म्हणणारे तिथे होते, आणि काही गावांतील कामगारांचाही कल तसा होता. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टर येथील सभेत कामगारांनी लिंकन यांना पत्र पाठवून गुलामगिरी पूर्णपणे नष्ट करण्याची मागणी केली. लिंकन यांनी जानेवारीत उत्तर देऊन त्यांच्या सोसण्याचा गौरव केला. गिरणी बंद पडणे म्हणजे काय असते, हे ज्या सोलापूरने पाहिले आहे, त्या शहरात हे पत्र अवश्य वाचून दाखवावे.

आता अचानक आपल्या कापसाला मागणी आली. मुंबईत पैशाचा पूर आला आणि दख्खनचा शेतकरी चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढू लागला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. कर्ज मात्र तसेच राहिले. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जे दंगे झाले, त्यांच्या कारणांत या उतरलेल्या भावांचाही वाटा होता.

अमेरिकेत सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सैन्यात लढले, त्यातील बरेच जण मळ्यांतून निघून आलेले होते. डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती संमत झाली आणि त्याच महिन्यात गॅरिसन यांनी काम पूर्ण झाले असे समजून ‘लिबरेटर’ बंद केले. डग्लस यांना ते मान्य नव्हते. मुक्त झालेल्या माणसाच्या हाती मत येत नाही तोवर गुलामगिरीविरोधी संस्था मोडू नये, असे त्यांनी ठामपणे सांगितले. वेंडेल फिलिप्स यांच्या नेतृत्वाखाली गुलामगिरीविरोधी राष्ट्रीय संस्था पुढे चालू राहिली आणि पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केल्यावर, १८७० मध्ये विसर्जित झाली. फिलाडेल्फियातील जॉर्ज टेलर यांचे मुक्त श्रमाच्या मालाचे दुकान त्याआधी १८६७ मध्ये बंद झाले होते.