भरती अकॅडमीचा तक्ता आणि रेजिमेंटचा घोळ

अपशिंगेकर: साताऱ्यातल्या एका भरती अकॅडमीचा तक्ता कालपासून व्हॉट्सॲपवर फिरतोय. फौजेच्या तुकड्या, लहानापासून मोठीपर्यंत: सेक्शन, प्लाटून, कंपनी, बटालियन, रेजिमेंट, ब्रिगेड, डिव्हिजन. खाली टीप: 'पाठ करा, जीकेला येतंच.' पोरांकडून फी उकळून हे शिकवता? मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट. तिच्या बटालियन देशभर विखुरलेल्या, वेगवेगळ्या ब्रिगेडखाली. ब्रिगेडमध्ये साधारण ३ बटालियन. त्यात एक मराठा, एक डोगरा, एक गोरखा असंही असतं. बेळगावचं सेंटर रंगरूट घडवतं, लढाईचा हुकूम ब्रिगेडियरचा. मग बटालियन आणि ब्रिगेडच्या मधे रेजिमेंट घुसली कुठून?

तोफची_कोरेगाव: आवो दादा, इन्फंट्री, म्हंजी पायदळ, ही अख्खी फौज नव्हं. मी तोफखान्याच्या मीडियम रेजिमेंटला होतो. आमच्यात रेजिमेंट हेच युनिट. ३ बॅटऱ्या, म्हंजी तोफांच्या तुकड्या, प्रत्येकी ६ तोफा, १८ तोफांवर एक कर्नल. रणगाड्यांत बॅटरीच्या जागी स्क्वाड्रन, बाकी तेच. आमची रेजिमेंट थेट ब्रिगेडखालीच असायची.

अपशिंगेकर: म्हणजे तुमची रेजिमेंट बटालियनच्याच तोडीची ना? मग तक्ता चुकलाच की! भांडताय कशाला?

माणदेशी: बाहेरच्या काही फौजांत रेजिमेंट खरंच २-३ बटालियनची असते. मास्तरांनी तिकडचा तक्ता जसाच्या तसा उचललाय.

पाटणची_लेक: माझा भाऊ रोज पहाटे ४ ला उठून पळतो. तक्ता पाठ करून काय करू त्याला? २०२२ पासून अग्निपथमधून ४ वर्षांची नोकरी, त्यातले फार तर २५ टक्के कायम. बाकीच्यांनी सुमारे ११.७ लाख घेऊन घरी यायचं. यावर बोला की.

माणदेशी: ताई, चोविशीत तेवढी रक्कम हातात कुठली कंपनी देते? आमच्याकडं पोरं एमआयडीसीत कंत्राटावर घासतायत.

अपशिंगेकर: पैशाचं काय घेऊन बसलात! सेक्शन १० जणांचं. मी हवालदार म्हणून चालवलंय. एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, कुणाच्या खांद्यावर द्यायची, चढाला कुणाला दम लागतो, अंधारात कोण खोकल्यावरून ओळखू येतो, हे कळायला वर्षं जातात. दर चार वर्षांनी निम्मी माणसं बदलली तर हवालदारानं काय करायचं?

तोफची_कोरेगाव: पोस्टिंगला माणसं आधी बदलत नव्हती का? तुमचं प्रत्येक गोष्टीत आमच्या वेळेचं गाणं!

अपशिंगेकर: लांबून गोळे टाकणाऱ्यांना सेक्शन काय कळणार.

तोफची_कोरेगाव: शब्द सांभाळा. तुमच्या पुढच्या कंपनीबरोबर आमचाच ओपी अधिकारी, निशाणा बघून सांगणारा, रेडिओ घेऊन चालतो. तो गोळे मागतो म्हणून तुम्ही पुढं सरकता.

पाटणची_लेक: झालं! माझ्या भावाचं राहिलं बाजूला.

अपशिंगेकर: बरं, माझ्या पोस्टला 'फक्त इन्फंट्रीपुरतं' असं जोडलंय. तोफखाना खूश? ताई, पोराला पळू द्या, पण बारावीच्या पुढचं शिक्षण सोडू देऊ नका. अकॅडमीवाल्याशी मी बोलतो.

तोफची_कोरेगाव: तुम्हीच बोला. मला त्यानं सकाळीच ग्रुपमधून काढलंय.