नेपाळच्या अनाथाश्रमात महिनाभर व्हॉलंटियरिंग, जाऊ का?

भटकी_मनी: टीवायचे पेपर संपले की पोखऱ्याला जायचा विचार आहे, एक एजन्सी महिन्याचे ४५ हजार सांगतेय राहणं-जेवण धरून, मुलांना इंग्लिश शिकवायचं, खेळायचं. आई म्हणते पैसे भरून कसली गं सेवा. कोणी गेलंय का?

खडूस_काका: आईचं ऐक.

रानवारा: मी २०१६ला काठमांडूत होते तीन आठवडे. पहिल्याच दिवशी पाचेक वर्षांचा एक पोरगा येऊन मांडीवर बसला, मला वाटलं केवढा लळा, नंतर कळलं तो येईल त्याच्या मांडीवर असाच बसतो. निघताना रडला नाही, आधीच्या कुणीतरी दिलेलं कीचेन दाखवलं फक्त. आणि अनाथ म्हणे! दशैंला (त्यांचा दसरा) चौघांचे आईबाप न्यायला आले. माओवादी युद्धाच्या काळात (१९९६-२००६) हुमलासारख्या लांबच्या जिल्ह्यांतून शिक्षणाचं आमिष दाखवून दलालांनी पोरं आणली, वर आईबापांकडूनच पैसे घेतले, आणि आश्रम बघ कुठे, जिथे टुरिस्ट तिथे.

भटकी_मनी: बापरे. पण सगळेच तसे नसतील ना?

सिडनीकर: नसतील, पण इथल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या, संसदीय समितीने २०१७च्या आधुनिक गुलामगिरीवरच्या अहवालात हा विषय घेतला तो उगाच नाही.

रानवारा: एजन्सीला एवढंच विचार, पोलीस व्हेरिफिकेशन मागता का. माझ्याकडून फक्त फोटो आणि ॲडव्हान्स घेतला होता.